एका शनिवारचं काम

माझा नवरा गेली तीस वर्षं लालफितीशी लढतो आहे आणि रोज रात्री तिच्याच शेजारी घोरत झोपतो. ती लालफीत म्हणजे मी. ऑस्ट्रेलियातल्या होबार्टच्या नगरपालिकेत बांधकाम परवान्यांच्या खिडकीवर बसते. क्लाइव्ह राज्यातल्या घरबांधणी संघटनेचा माणूस. बिल्डरांची बाजू सरकारच्या गळी उतरवणं हे त्याचं काम, आणि त्याला तो ‘धोरणविषयक पाठपुरावा’ असं भारदस्त नाव देतो. त्याची आई एनिड मात्र कुणी विचारलं की सांगते, "आमचा क्लाइव्ह ना? तो मंत्र्यांना पॅटिस नेऊन देतो."

एनिडचं फारसं चुकत नाही. क्लाइव्ह जाडजूड निवेदनं लिहितो, पण ती कुणी वाचत नाही हे त्यालाही ठाऊक आहे. खरं काम होतं ते बंदरावरच्या बेकरीतून नेलेल्या पॅटिसच्या खोक्यामुळे. आत करी घातलेले शिंपले, वर खुसखुशीत पापुद्रे. मंत्र्याच्या टेबलावर खोकं उघडायचं, पहिल्या घासापर्यंत फुटबॉलबद्दल बोलायचं आणि तोंड भरलेलं असताना हळूच विषय काढायचा. तोंडात शिंपले असलेल्या माणसाला पटकन ‘नाही’ म्हणता येत नाही, असा त्याचा अनुभव आहे.

एक मात्र त्याच्या बाजूने सांगायला हवं. मंत्र्याशी तो कधी खोटं बोललेला नाही. "खोटं एकदाच विकता येतं, ग्लेनिस," तो मला म्हणतो. "खरं वर्षानुवर्षं विकता येतं. फक्त त्यातलं कुठलं पुढे करायचं, ते आपण ठरवायचं." मी म्हणते, याला आमच्या खिडकीवर अर्धवट भरलेला अर्ज म्हणतात. मग तो पेपर वाचायला लागतो.

गेल्या काही वर्षांत त्याने जो नियम सगळ्यात शिताफीने अडवून धरला, तो पायरीचा. नियम तसा साधा. यापुढे जे नवं घर बांधाल, त्याला निदान एक दार असं ठेवा की ज्यातून पायरी न चढता आत जाता येईल. आतली दारं चाकांची खुर्ची जाईल एवढी रुंद करा, आणि तळमजल्यावर एक संडास असू द्या. बस्स. क्लाइव्हने तो आधी एकदा पुढे ढकलवला, मग आणखी एकदा. आता तिसऱ्यांदा ढकलवायची तयारी चालली होती.

त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. आमचं गाव डोंगराच्या उतारावर वसलेलं. सपाट जमीन म्हणाल तर फुटबॉलचं मैदान आणि बंदराचा धक्का. अशा उतारावर बिनपायरीचं घर म्हणजे खर्च वाढणार, आणि तो वाढलेला खर्च तरुण जोडप्यांच्या बोकांडी बसणार. आमची मुलगी टेस अजून नवऱ्यासकट भाड्याच्या घरात राहते, त्यामुळे मीही गप्प बसायचे. पण यानंतर तो जे वाक्य टाकायचा, ते ऐकलं की माझ्या कपाळावर आठी पडायची.

"ज्याला गरज पडेल तो नंतर करून घेईल, मेरियन. एका शनिवारचं काम आहे. दोन मित्र बोलवायचे, चार फळ्या ठोकायच्या, संध्याकाळी बिअर!"

मेरियन म्हणजे आमची गृहनिर्माण मंत्री. राजकारणात येण्याआधी ती औषधांचं दुकान चालवायची. अजूनही समोरच्याकडे ती अशी बघते की, याला गोळी देऊन घरी पाठवावं की सरळ डॉक्टरकडे, याचा जणू विचार चालला आहे. पण दोन्ही वेळा तिने पॅटिस खाल्लं आणि नियम पुढे ढकलला.

आमच्या घराला पुढच्या दाराशी तीन पायऱ्या होत्या. वालुकाश्माच्या, मधासारख्या रंगाच्या. क्लाइव्ह सूट घालायला लागला त्याच्या आधी चांगला सुतार होता, आणि हे घर त्याने आमच्या लग्नाच्या वर्षी स्वतःच्या हातांनी बांधलं. पायऱ्यांचे दगड धक्क्यावरचं जुनं गोदाम पाडलं तेव्हा उचलून आणलेले. पाहुणा आला की दाराची घंटा वाजवण्याआधी त्याला त्या पायऱ्यांचं चरित्र ऐकावं लागे. सासरे गेल्यावर एनिड आमच्याकडे राहायला आली, तीसुद्धा त्या पायऱ्या चढूनच, आणि येताना कुंडीतून एक लिंबाचं रोप घेऊन आली. ते आता अंगणात चांगलं छपराएवढं झालं आहे.

एनिड पडली ती या पायऱ्यांवरून नव्हे. ती पडली बोल्स क्लबात, म्हणजे हिरवळीवर जड चेंडू घरंगळवत म्हातारी मंडळी जमतात तिथे.

क्लबात दर शुक्रवारी मांसाच्या ताटाची सोडत असते. चॉप्स, सॉसेज, एखादा मोठा भाजायचा तुकडा, वरून प्लास्टिक. एनिड वर्षानुवर्षं तिकीट घेत आली आणि तिला एकदाही ताट लागलं नव्हतं. त्या शुक्रवारी पाहुणी म्हणून मेरियन आली होती. तिने टोपलीतून चिठ्ठी काढली, नंबर वाचला, आणि माझी सत्त्याऐंशी वर्षांची सासू शाळकरी पोरीसारखी उडी मारून उठली. पर्सचा पट्टा खुर्चीच्या पायात अडकला होता. खुर्चीसकट खाली.

खुब्याचं हाड मोडलं. वर क्लबाचा नियम असा की, विजेता टेबलापर्यंत आला नाही तर पुन्हा चिठ्ठी काढायची. नियम म्हणजे नियम. ॲम्ब्युलन्समध्ये शुद्धीवर आल्यावर एनिडने पहिला प्रश्न विचारला, "ताट कुणी नेलं?"

"खाटकाच्या मेव्हण्याने," मी म्हटलं.

"मेला कुठला! घरी फुकट मिळतं त्याला," असं म्हणून तिने डोळे मिटले, आणि ही बाई काही इतक्यात जात नाही, अशी माझी खात्री पटली.

शस्त्रक्रिया नीट झाली. मग चालणं शिकवायच्या वॉर्डात हलवलं. चार चाकांचा वॉकर धरून ती चालायला लागली. वॉकरच्या पुढच्या टोपलीत बिस्किटं ठेवून ती वॉर्डभर हिंडायची आणि सगळ्यांची प्रकृती विचारायची. पण पायरी चढायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि पुढेही चढता येईल असं कुणी म्हणत नव्हतं.

म्हाताऱ्या माणसाला घरी सोडण्याआधी हॉस्पिटलचं कुणीतरी घर बघायला येतं. आमच्याकडे कर्स्टी नावाची तरुण मुलगी आली. हातात मोजायचा टेप. क्लाइव्हने सवयीप्रमाणे तिला पायऱ्यांपाशी उभं केलं आणि गोदामापासून सुरुवात केली. तिने शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"सुंदर आहेत," ती म्हणाली. "पण एनिड यावरून येणार कशा?"

मागच्या दाराला उतारामुळे आणखी जास्त पायऱ्या. गाडीच्या खोलीतून वर यायला गोल जिना. न्हाणीघराच्या दारातून वॉकर जाईना. आत शॉवरला उंच काठ. कर्स्टी मोजत गेली आणि क्लाइव्ह तिच्यामागून, आपल्याच मुलाचं प्रगतिपुस्तक ऐकावं तसा.

"घर तयार होईपर्यंत त्यांना पाठवता येणार नाही," ती म्हणाली. "आणि वॉर्डातली खाट मला महिनाअखेरपर्यंतच ठेवता येईल. त्यानंतर नदीपलीकडच्या वृद्धनिवासात जागा आहे. तात्पुरती."

 एनिडची मैत्रीण बेरिल तिथे तात्पुरतीच गेली होती. तिचं घर विकलं गेलं, मांजर शेजाऱ्यांनी नेलं, आणि शेवटचं भेटलो तेव्हा ती आम्हाला विचारत होती, माझी गाडी कुठे लावली आहे. एनिड त्या दिवशी घरी येताना पूल ओलांडल्यावर म्हणाली, "मला तिथे टाकलंत तर मी भूत होऊन तुमच्या न्हाणीघरात येईन."

क्लाइव्ह मात्र हसला. "कर्स्टी, तू काळजी करू नकोस. एका शनिवारचं काम आहे."

आणि वॉर्डात जाऊन आईलाही तेच सांगून आला. "शनिवारी तू घरी, आई."

त्याच दिवशी तो फोन घेऊन बसला. राज्यातला प्रत्येक बिल्डर, सुतार, गवंडी त्याच्या ओळखीचा. पहिला फोन संघटनेच्या अध्यक्षाला, डॅरलला. आवाज एवढा मोठा की मला स्वयंपाकघरात ऐकू येत होता.

"कुठून आणू माणूस, राव? मागच्या वर्षी नव्या घरांचं अनुदान दुप्पट करून आणलंस ना तू? मानलं तुला! पण त्यामुळे अख्ख्या राज्याला एकदम घर बांधायचंय. माझी पोरं मान वर करत नाहीत. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत सगळं भरलंय!"

"डॅरल, आईसाठी आहे रे."

"हो हो, कळलं ना. येतो की. गुरुवारी येतो."

गुरुवारी येतो, असं आमच्याकडे बिल्डर म्हणाला की कोणत्या, हे विचारायचं नसतं. विचारलं तर तो दुखावतो. क्लाइव्हने यादीतल्या सगळ्यांना फोन केले. सगळे अनुदानाबद्दल त्याचे आभार मानत होते आणि सगळे गुरुवारी येणार होते. शेवटी त्याने फोन खाली ठेवला. मीही काही कमी नाही. मी म्हटलं, "दोन मित्र बोलवायचे होते ना? बिअर गार करायला ठेवली आहे मी."

त्याने यादी पुन्हा पहिल्या नावापासून वाचायला घेतली. 

शनिवारी आम्ही वॉर्डात गेलो. एनिड कोट घालून, लिपस्टिक लावून खाटेच्या काठावर बसली होती. मांडीवर निळी बॅग. "इतका उशीर?" तिने विचारलं. क्लाइव्हने तिला सांगितलं, आज नाही, पुढच्या शनिवारी. "बरं," ती म्हणाली, आणि लिपस्टिक पुसली.

ते बघून आलेल्या क्लाइव्हने घरी येऊन डॅरलला पुन्हा फोन केला. काय बोलला ते मला कळलं नाही, दार लावून बोलत होता. पण पुढच्या शनिवारी सकाळी आमची गल्ली पिकअप गाड्यांनी भरून गेली. प्रत्येक गाडीत मागे एक कुत्रा. शाळेचं कुंपण असो की चर्चचं छप्पर, आमच्याकडे असं सगळ्यांनी मिळून शनिवारी हात लावायची रीत आहे. मजुरी नाही, फक्त पावात घातलेलं सॉसेज, वर कांदा आणि संपल्यावर बिअर. मला भरून आलं. मी कांदा चिरायला घेतला तो त्यामुळेही बरा पडला.

इतके बिल्डर एका अंगणात आले म्हणजे काय होतं ते सांगते. पहिला तास कुणी खिळासुद्धा काढला नाही. प्रत्येकाचं मत वेगळं, आणि आपल्या आधीच्याने सगळं चुकीचं केलं आहे हे मत मात्र सगळ्यांचं एक. शेवटी डॅरलने टेप काढला. चाकांसाठी उतार करायचा तर एक वीत चढायला चौदा विती लांबी लागते. तीन पायऱ्यांची उंची मोजली, गुणिले चौदा केलं, आणि दारापासून दोरी ताणत निघाला. दोरी अंगण ओलांडून, फाटकातून बाहेर, फूटपाथवरून थेट टपालपेटीपाशी पोचली.

सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं.

"नाही," मी म्हटलं.

"ग्लेनिस, अगं, थोडंसंच तर—"

"फूटपाथवर नाही. सोमवारी नऊला खिडकी उघडते. नंबर घ्यायचा आणि बाकावर बसायचं. अर्जदार माझ्या घरचा, म्हणून अर्ज मला हातात घेता येणार नाही. शेजारच्या खिडकीवरचा केव्हिन बघेल. आणि केव्हिनही नाहीच म्हणेल."

"बघितलंत?" क्लाइव्ह मित्रांना म्हणाला. "याच्याशी लढतोय मी तीस वर्षं."

मग उतार अंगणातच वळवायचं ठरलं. वळवायचा म्हणजे मधे लिंबाचं झाड. करवत घेऊन एकजण पुढेही झाला. क्लाइव्ह त्याच्या अंगावर धावून गेला. "आईचं आहे ते!" शिवाय पार्टी रंगली की पुरुष मंडळींनी संडासाची रांग टाळून लिंबाच्या झाडाला ‘खत’ घालायचं, ही आमच्याकडची जुनी परंपरा. डॅरल टोपी काढून गंभीरपणे म्हणाला, "या झाडात माझाही वाटा आहे." झाड वाचलं. उतार झाडाला वळसा घालून जाईल असं ठरलं.

खांबांचे खड्डे घ्यायला लागले तर वीतभर खाली काळा कातळ. तो फोडायला यंत्र हवं, आणि गावातली सगळी यंत्रं नव्या घरांच्या पायावर. न्हाणीघराचं दार रुंद करायला गेले तर कळलं की त्या भिंतीवर सगळं छप्पर उभं आहे. तिला हात लावायचा तर वरून लोखंडी तुळई, आणि तुळईसाठी इंजिनिअरचा नकाशा.

"कुणी बांधली रे इतकी दांडगी भिंत?" एकाने हातोडा टेकवत विचारलं.

"मीच," क्लाइव्ह म्हणाला.

संध्याकाळपर्यंत सॉसेज संपले, बिअर संपली. झालेलं काम म्हणाल तर एवढंच की, त्या वालुकाश्माच्या पायऱ्या उखडून कुंपणापाशी ठेवल्या गेल्या होत्या. म्हणजे आता एनिडच काय, आम्हालाही पुढच्या दाराने घरात जाता येईना. क्लाइव्हने दुधाच्या बाटल्यांचा प्लास्टिकचा क्रेट उपडा घालून दाराशी ठेवला, आणि राज्याच्या घरबांधणी उद्योगाचा प्रतिनिधी त्यावर पाय देऊन आपल्या घरात शिरला. मी पोट धरून हसले.

पण नंतरच्या शनिवारी मला हसू आलं नाही. यंत्र मिळालं नव्हतं, इंजिनिअर म्हणाला होता गुरुवारी. वॉर्डात एनिड पुन्हा कोट घालून बसलेली. लिपस्टिक लावलेली, बॅग मांडीवर. नर्स हळूच मला म्हणाली, "सकाळपासून अशाच बसल्यात. म्हणतात, मुलगा बिल्डरांचा साहेब आहे, आज नक्की नेणार." मला क्लाइव्हचा राग आला. मग त्याच्याकडे बघितलं आणि तोही टिकला नाही, कारण तो दारातच थांबला होता आणि त्याला आत पाऊल टाकवत नव्हतं.

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "जरा सरक, क्लाइव्ह, हातात ओझं आहे."

मेरियन होती. दोन्ही हातांत मांसाचं ताट, वर ताणून बसवलेलं प्लास्टिक. खाटकाकडून स्वतःच्या पैशाने घेऊन आली होती. त्या शुक्रवारपासून झोप लागली नाही म्हणाली. मला ते खरं वाटलं. क्लाइव्हचा चेहरा मात्र बघण्यासारखा झाला. पायरीच्या नियमाचा निर्णय मेरियन सोमवारी देणार होती, आणि त्याचं तिसरं निवेदन तिच्या टेबलावर पडलेलं होतं.

एनिडने ताट डोळ्यांजवळ नेऊन तपासलं. "सॉसेज जाड आहेत. बरं झालं. बस."

"घरी कधी जाणार, एनिड?"

"शनिवारी."

"आज शनिवारच आहे."

"तेच ना," एनिड म्हणाली. "कुठला शनिवार ते तूच विचार त्याला. तुला तो सगळं नीट समजावून सांगतो म्हणे. मला आपलं नुसतं शनिवारी, शनिवारी. महिना संपला की मला नदीपलीकडे टाकणार आहेत, बेरिलसारखं. मी काही म्हणत नाही. पण बॅग भरलेली ठेवायची का रिकामी करायची, एवढं तरी कळावं माणसाला."

मेरियनने वळून क्लाइव्हकडे बघितलं. तीच औषधाच्या दुकानातली नजर. "एका शनिवारचं काम ना रे, क्लाइव्ह?"

त्याच्याजवळ पॅटिस नव्हतं आणि तिचं तोंड रिकामं होतं.

मी त्याला ओळखते. त्याच्या डोक्यात काय चाललं होतं ते मला दिसत होतं. घर जुनं आहे, हे खरं होतं. खाली कातळ निघाला, हेही खरं. आमचा उतार जरा जास्तच आहे, भिंत नको तेवढी पक्की आहे, सगळं खरं. यातलं कुठलंही एक पुढे करून त्याला सुटता आलं असतं. त्याने तोंड उघडलंही. मग त्याची नजर आईच्या हातांवर गेली. ती बॅगेची चेन उघडत होती आणि लावत होती.

"नाही," तो म्हणाला. "एका शनिवारचं नाही. माझ्या ओळखीत राज्यातला प्रत्येक बिल्डर आहे, मेरियन. अवजारं माझी, घर मी बांधलेलं, बायको नगरपालिकेत. तरी आई इथे बसली आहे. ज्याच्याकडे यातलं काही नाही त्याने नंतर काय करायचं, ते मला माहीत नाही. मी तुला सांगत आलो, पण मला माहीत नव्हतं."

"आणि बांधतानाच केलं असतं तर?"

त्याने दाराच्या चौकटीवर हात ठेवला. "बांधताना पाया थोडा वेगळा भरला असता. आणि दार रुंद करायला काय? पेन्सिलीची रेघ जरा पलीकडे मारायची."

"मग सोमवारी मी काय करू?"

"पुढे ढकलू नकोस," क्लाइव्ह म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक झाला होता की एनिडला तो ऐकू गेला नाही. मीच तिला मोठ्याने सांगितलं.

"ते तुमचं तुम्ही बघा," एनिड म्हणाली. "मला घरी कोण नेणार?"

सोमवारी निर्णय जाहीर झाला, नियम आता पुढे ढकलणार नाही, आणि दुपारी डॅरलची गाडी फाटकाशी करकचून थांबली. क्लाइव्ह न्हाणीघरात गुडघ्यांवर बसून शॉवरचा काठ फोडत होता, डोक्यापासून पायापर्यंत पांढरा. डॅरल बाहेरूनच ओरडत आला, "कुणाचा माणूस आहेस रे तू? आमचा का तिचा? पगार कुणाचा खातोस?" असं म्हणत त्याने तावातावात क्रेटवर पाय दिला. क्रेट निसटला. डॅरल म्हणजे शंभर किलोचा ऐवज. तो दारातच आडवा झाला.

मी धावले. लागलं काही नव्हतं. पण उठून तो लगेच आत आला नाही. तिथेच त्या क्रेटवर बसून राहिला, गुडघा चोळत, आणि कमरेएवढ्या उंचीवरच्या आमच्या उंबऱ्याकडे बघत. क्लाइव्ह बाहेर येऊन त्याच्यासमोर उभा राहिला. 

"माझी आई दुसऱ्या मजल्यावर राहते," डॅरल शेवटी म्हणाला.

"माहीत आहे मला."

"लिफ्ट नाही तिथे. मीच बांधलीय ती इमारत." त्याने गुडघा चोळणं थांबवलं. "मी गुरुवारी येतो."

"कुठल्या?" क्लाइव्हने विचारलं. मी श्वास रोखून धरला, कारण हे विचारायचं नसतं.

"या गुरुवारी," डॅरल म्हणाला. "उद्या यंत्र पाठवतो, परवा तुळई. गुरुवारी मी."

आणि सगळं आलं. उन्हाळ्यापर्यंत भरलेल्या वह्यांतून कुणी अर्धा दिवस काढला, कुणी पाव. कातळ फुटला, इंजिनिअरचा नकाशा आला, तुळई चढली. क्लाइव्ह तेवढ्यातही मेरियनकडे पॅटिसचं खोकं घेऊन जाऊन आला, आणि फार चढाच्या जमिनींसाठी बिल्डरांना थोडी सवलत मागून घेतली. निम्मी मिळाली. स्वभावाला औषध असतं तर मेरियनने ते दुकान चालवत असतानाच दिलं असतं.

त्या गुरुवारी उतरत्या दुपारी हॉस्पिटलची गाडी आमच्या दाराशी आली. लाकडाचा नवा उतार फाटकापासून निघून लिंबाला वळसा घालत दारापर्यंत गेला होता. बाजूला वालुकाश्माचा एक दगड बाकासारखा बसवलेला. अंगणात सगळे बिल्डर टोप्या हातात घेऊन उभे, आणि त्यांचे कुत्रेही त्या दिवशी गप्प. कर्स्टी मदतीला पुढे झाली तेव्हा एनिडने तिला हातानेच मागे सारलं. बॅग वॉकरच्या टोपलीत ठेवली आणि एकटी निघाली.

लिंबाशी वळली, वर आली. दारात उंबरा नव्हता. वॉकरची चाकं बाहेरून आत गेली तेव्हा जराही खडखडली नाहीत. आत जाऊन ती थांबली. डॅरल टाळी वाजवणार तोच ती वॉकरसकट वळली आणि पुन्हा बाहेर आली.

"आई, काय झालं?" क्लाइव्ह घाबरून धावला. "काही राहिलं का?"

"काही नाही," ती म्हणाली. उतरून लिंबापर्यंत गेली, एक पान चुरगळून नाकाशी धरलं आणि पुन्हा वर चढून आली. कुणी हाताला धरलं नाही, कुणी मागून ढकललं नाही. दारात येऊन तिने खालच्या सपाट फळीकडे बघितलं, मग मुलाकडे.

"एवढंच होतं?" तिने विचारलं.

"हो, आई," क्लाइव्ह म्हणाला. "एवढंच होतं."

तो रडत होता. डोळ्यात भुसा गेला वगैरे कुणाला सांगायचा प्रयत्नसुद्धा त्याने केला नाही. एनिडने टोपलीतली निळी बॅग काढून त्याच्या हातात दिली आणि आत जाता जाता म्हणाली, "आता ही रिकामी कर. आणि सॉसेज भाजायला घ्या, सगळे उपाशी उभे आहेत."

ती आपल्या खोलीकडे गेली. क्लाइव्ह ती बॅग छातीशी धरून दारातच उभा राहिला, आणि मी त्याला हाक मारली नाही.